संशोधकाची कामगिरी कशी वाचावी? विश्वरचनाशास्त्राच्या निमित्ताने

बुलढाणा, चिखली, खामगाव, मलकापूर, मेहकर. जिल्ह्यातल्या कुठल्याही विज्ञान महाविद्यालयातून गणितात किंवा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या मुलामुलींपैकी काही जणांना पुढे पीएच.डी. करायची असते. इथली महाविद्यालये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाला जोडलेली आहेत, आणि त्या विद्यापीठाच्या गणिताच्या परंपरेत सामान्य सापेक्षता व विश्वरचनाशास्त्र हा चांगला रुजलेला विषय आहे. साहजिकच ‘कॉस्मॉलॉजीत पीएच.डी.’ हे शब्द विदर्भातल्या विद्यार्थ्याच्या कानावर लवकर पडतात. पहिला प्रश्न असतो गाइड कोण. मग संभाव्य गाइडचे नाव गूगल स्कॉलरवर शोधले जाते आणि पानाच्या उजव्या बाजूला तीन आकडे दिसतात: एकूण सायटेशन, एच-इंडेक्स आणि आय-टेन इंडेक्स.

या तीन आकड्यांवरून पुष्कळ निर्णय होतात. विद्यार्थी गाइड निवडतो, निवड समिती प्राध्यापक निवडते, पदोन्नतीची फाइल पुढे सरकते. पण हे आकडे येतात कुठून, ते काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे आपल्याकडे वर्गात सहसा कोणी शिकवत नाही. गुरुत्वाकर्षण आणि विश्वरचनाशास्त्र हाच विषय समोर ठेवून ते एकेक पायरीने समजून घेऊ.

पेपर जन्माला कसा येतो

आइन्स्टाइनने १९१५ साली सामान्य सापेक्षतेची क्षेत्रसमीकरणे मांडली. त्यांच्या एका बाजूला अवकाश-काळाची वक्रता असते, दुसऱ्या बाजूला द्रव्य आणि ऊर्जा. अख्ख्या विश्वाला ही समीकरणे लावायची तर आधी विश्वाच्या रचनेबद्दल काही गृहीत धरावे लागते. सर्वांत सोपे गृहीत असे की विश्व सगळ्या दिशांना सारखेच प्रसरण पावते. १९२२ साली फ्रीडमनने याच गृहीतावर प्रसरणशील विश्वाचे उत्तर काढले.

समजा, हे गृहीत थोडे सैल केले आणि तिन्ही दिशांना प्रसरणाचा वेग वेगळा असू दिला, तर बियांकी प्रकारची विश्वप्रतिमाने मिळतात. लुईजी बियांकी या इटालियन गणितज्ञाने १८९८ साली, म्हणजे सापेक्षतेच्या कितीतरी आधी, अशा त्रिमितीय अवकाशांचे नऊ प्रकार पाडले होते. विदर्भातल्या गणित विभागांतून आलेल्या विश्वरचनाशास्त्राच्या निबंधांत ‘बियांकी टाइप-वन’ वगैरे शब्द वारंवार भेटतात, ते याच वर्गीकरणातले.

अशा एका निबंधाची आतली बाजू जवळून पाहू. बियांकी टाइप-वनमध्ये तीन दिशांचे तीन प्रसरण-गुणक, द्रव्याची घनता आणि दाब अशी पाच अज्ञाते असतात. आइन्स्टाइनची समीकरणे मात्र चारच मिळतात. पाच अज्ञाते आणि चार समीकरणे, म्हणजे उत्तर बंद होत नाही. मग लेखक एखादी जादा अट घालतो. दाब आणि घनता यांचे नाते ठरवतो, किंवा प्रसरण किती मंदावते हे सांगणारा मंदनांक स्थिर धरतो, किंवा एका दिशेचा गुणक दुसऱ्या दिशेच्या गुणकाचा घात मानतो. अट घातली की समीकरणे सुटतात. त्यातून प्रसरणाचा दर सांगणारे हबल प्राचल, मंदनांक, विषमतेचे माप अशा राशी मिळतात, त्यांचे आलेख काढले जातात आणि निष्कर्ष लिहिला जातो.

यात तीन जागी बदल करता येतो: अवकाशाचा प्रकार, द्रव्याचा प्रकार आणि गुरुत्वाचा सिद्धांत. आइन्स्टाइनच्या सिद्धांताऐवजी १९६१ चा ब्रान्स-डिकी सिद्धांत घेतला तर नवे गणित होते. २०११ साली हार्को, लोबो, नोजिरी आणि ओडिन्त्सोव्ह या चौघांनी ‘एफ-आर-टी गुरुत्व’ मांडले. त्यात वक्रतेबरोबर द्रव्याचा एक गुणधर्मही गुरुत्वाच्या सूत्रात थेट येतो. त्यांचा निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू डी’मध्ये छापून आला आणि पुढच्याच वर्षी, २०१२ साली, अमरावती विद्यापीठाच्या गणित विभागातल्या के. एस. आढाव यांचा बियांकी टाइप-वन आणि एफ-आर-टी गुरुत्व यांची सांगड घालणारा निबंध ‘अॅस्ट्रोफिजिक्स अँड स्पेस सायन्स’मध्ये आला. जगाच्या एका कोपऱ्यात मांडलेली कल्पना वऱ्हाडात किती लवकर पोचते, याचे हे सरळ उदाहरण.

तीन जागी बदल करता येत असल्यामुळे जोड्या असंख्य होतात आणि पेपरही असंख्य होतात. यात गैर काही नाही. पण त्यामुळेच या विषयातल्या पेपरांची संख्या पाहताना एक प्रश्न हाताशी ठेवावा लागतो: काढलेले उत्तर खऱ्या विश्वाशी ताडून पाहिले आहे का? विश्वातले पार्श्वप्रारण मोजणाऱ्या प्लांक उपग्रहाच्या निरीक्षणांवरून २०१६ साली काढलेल्या एका निष्कर्षानुसार विश्व दिशेनुसार वेगळे प्रसरण पावत असण्याची शक्यता एकास एक लाख एकवीस हजार इतकी कमी आहे. विषम विश्वाचे प्रतिमान मांडणाऱ्याने ही विषमता आज इतकी क्षीण का, याचे उत्तर द्यायला हवे. चांगले निबंध ते देतात. अतिनवताऱ्यांची आणि पार्श्वप्रारणाची आकडेवारी घेऊन आपल्या प्रतिमानाला मर्यादा घालतात.

पेपरचा प्रवास

निबंध लिहून झाला की तो दोन वाटांनी जगापुढे येतो.

पहिली वाट आर्काइव्हची. १९९१ साली पॉल गिन्स्पार्ग या भौतिकशास्त्रज्ञाने सुरू केलेला हा मोफत संग्रह आहे. छापून येण्याआधीच निबंध इथे ठेवता येतो आणि जगात कुणालाही वाचता येतो. सापेक्षतेसाठी तिथे ‘जीआर-क्यूसी’ नावाचा स्वतंत्र विभाग आहे. इथल्या प्रत्येक निबंधाला क्रमांक असतो. वर सांगितलेल्या एफ-आर-टी निबंधाचा क्रमांक आहे ११०४.२६६९. पहिले दोन अंक वर्षाचे, म्हणजे २०११. पुढचे दोन महिन्याचे, म्हणजे एप्रिल. टिंबानंतरचा आकडा त्या महिन्यातला अनुक्रमांक. क्रमांक वाचता आला की कल्पना आधी कोणी मांडली याची तारीखही समजते. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात, जिथे महागड्या जर्नलांची वर्गणी भरणे महाविद्यालयांना परवडत नाही, तिथे आर्काइव्ह हे संशोधनाचे मोठे दार आहे. विद्यार्थ्याने ते रोज उघडावे.

दुसरी वाट जर्नलची. ‘फिजिकल रिव्ह्यू डी’, ‘क्लासिकल अँड क्वांटम ग्रॅव्हिटी’, ‘जनरल रिलेटिव्हिटी अँड ग्रॅव्हिटेशन’, भारतीय विज्ञान अकादमीचे ‘प्रमाण’, रशियातून निघणारे ‘ग्रॅव्हिटेशन अँड कॉस्मॉलॉजी’ ही या विषयातली काही ओळखीची नावे. संपादक निबंध एक-दोन तज्ज्ञांकडे पाठवतो. त्यांना रेफ्री म्हणतात. ते चुका दाखवतात, प्रश्न विचारतात, कधी साफ नकार देतात. यात महिने जातात. स्वीकारलेल्या निबंधाला डीओआय हा कायमचा क्रमांक मिळतो. संकेतस्थळ बदलले तरी त्या क्रमांकावरून निबंध सापडतो.

सायटेशन म्हणजे नेमके काय

निबंधाच्या शेवटी संदर्भांची यादी असते. त्या यादीत तुमच्या निबंधाचे नाव आले, की तुमच्या खात्यात एक सायटेशन जमा होते. इतकी साधी ही गोष्ट आहे. अमेरिकेतल्या यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली अशा संदर्भांची उलटी अनुक्रमणिका करण्याची कल्पना मांडली आणि १९६४ साली ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रसिद्ध केला. हेतू असा होता की एखाद्या जुन्या निबंधापासून सुरुवात करून, पुढे त्यावर कोणी काय काम केले हे वाचकाला शोधता यावे. माणसाला गुण देणे हा उपयोग त्यानंतर वाढत गेला.

सायटेशन म्हणजे शाबासकी असे समजण्याचे कारण नाही. हे पटण्यासाठी आपल्याच जिल्ह्यातले लोणार पाहा. लोणारचे विवर उल्काघाताने किती वर्षांपूर्वी झाले? १९९७ साली तापदीप्ती पद्धतीने केलेल्या अभ्यासाने सुमारे ५२ हजार वर्षे हा आकडा दिला. २०११ साली ‘जिऑलॉजी’ या जर्नलमध्ये आलेल्या आरगॉन पद्धतीच्या अभ्यासाने ५ लाख ७० हजार वर्षे हे वय काढले, ४७ हजार वर्षे इकडे-तिकडे. दोन्ही उत्तरांत दहापटीहून अधिक फरक आहे. लोणारच्या वयावर लिहिणाऱ्या पुढच्या संशोधकाला दोन्ही निबंधांचा उल्लेख करावा लागतो. एक पटतो म्हणून, दुसरा का पटत नाही ते सांगायचे म्हणून. मोजणाऱ्या यंत्राला मात्र दोन्ही उल्लेख सारखेच. ते फक्त एक मिळवते.

निबंध पुढे नेण्यासाठी, खोडून काढण्यासाठी, पद्धत उसनी घेण्यासाठी, किंवा ‘या विषयावर अमुक अमुक यांनीही काम केले आहे’ असे प्रस्तावनेत एका दमात सांगण्यासाठी: सायटेशनची कारणे अशी वेगवेगळी असतात. विश्वरचनाशास्त्राच्या पुष्कळ निबंधांत प्रस्तावनेतल्या एकाच वाक्यामागे दहा-पंधरा संदर्भांची माळ असते. त्या माळेतले सायटेशन आणि ‘आम्ही यांचे समीकरण क्रमांक अमुक वापरून पुढचे गणित केले’ या वाक्यातले सायटेशन यांचे वजन सारखे नसते.

तीन आकड्यांचे गणित

आता वहीत एक काल्पनिक यादी मांडू. एका संशोधकाचे आठ निबंध आहेत. सायटेशन उतरत्या क्रमाने असे: ४१, २३, १७, ९, ६, ५, ३, ०.

एकूण सायटेशन म्हणजे यांची बेरीज: १०४.

एच-इंडेक्स २००५ साली कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी सुचवला. तो असा काढतात. पहिल्या निबंधाला किमान १ सायटेशन आहे का? ४१ आहेत, आहे. दुसऱ्याला किमान २? तिसऱ्याला किमान ३? चौथ्याला किमान ४? पाचव्याला किमान ५? पाचव्याला ६ आहेत, चालेल. सहाव्याला किमान ६ हवेत, पण ५ आहेत. इथे थांबायचे. एच-इंडेक्स ५. म्हणजे या माणसाचे पाच निबंध असे आहेत की प्रत्येकाला किमान पाच सायटेशन आहेत.

आय-टेन इंडेक्स हा गूगल स्कॉलरचा आकडा. दहा किंवा अधिक सायटेशन असलेले निबंध मोजायचे. इथे ४१, २३ आणि १७, म्हणून ३.

पुढची पायरी फार थोडे लोक करतात. या सायटेशनांतून संशोधकाने स्वतःच स्वतःच्या जुन्या निबंधांचे केलेले उल्लेख वजा करायचे. समजा ते वगळल्यावर यादी अशी उरली: ३०, १४, ९, ४, २, २, १, ०. बेरीज ६२ झाली. एच-इंडेक्स ४ झाला, आय-टेन २ झाला. स्वतःचे आधीचे काम उद्धृत करणे हा गुन्हा नव्हे. एकाच प्रश्नावर वर्षानुवर्षे काम करणाऱ्याला ते करावेच लागते. पण वजाबाकीनंतर आकडा किती उरतो, यावरून इतरांनी ते काम किती वापरले हे कळते. आपल्या उदाहरणात एकूण सायटेशन १०४ वरून ६२ वर आले, एच-इंडेक्स मात्र एकानेच घटला. म्हणजे बेरजेपेक्षा एच-इंडेक्स अशा बदलाला कमी हलतो. तरीही तो वयाबरोबर वाढतच जातो आणि कधी कमी होत नाही. म्हणून तीस वर्षे काम केलेल्या प्राध्यापकाची आणि पाच वर्षांपूर्वी पीएच.डी. झालेल्या तरुणीची या आकड्यावर तुलना करणे अन्यायाचे आहे.

याच जोडीने ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ हा शब्द येतो. तो माणसाचा नसतो, जर्नलचा असतो. २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर काढताना त्या जर्नलमध्ये २०२२ आणि २०२३ साली आलेल्या निबंधांना २०२४ मध्ये मिळालेली सायटेशन घेतात आणि त्या दोन वर्षांतल्या निबंधांच्या संख्येने भागतात. ही सरासरी आहे. मोजके निबंध भरपूर उद्धृत होतात आणि बाकीचे फारसे होत नाहीत, त्यामुळे जर्नलच्या सरासरीवरून त्यातल्या एका निबंधाची योग्यता ठरत नाही. २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात जगभरच्या संशोधकांनी हेच सांगितले: निबंधाची पारख निबंध वाचून करा.

कुठे शोधावे

एकाच माणसाचा आकडा चार ठिकाणी चार दिसतो. त्यात लबाडी नसते, मोजणीची व्याप्ती वेगळी असते.

गूगल स्कॉलर सर्वांत मोठे जाळे टाकतो. जर्नल, परिषदांचे अहवाल, प्रबंध, संकेतस्थळांवरच्या प्रती असे सारे तो मोजतो. म्हणून इथला आकडा बहुधा सर्वांत मोठा असतो आणि त्यात गाळही येतो. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स निवडक जर्नलेच मोजतात, पण त्यांची वर्गणी लागते. सापेक्षतेच्या विद्यार्थ्यासाठी दोन मोफत साधने फार उपयोगाची आहेत. पहिले इन्स्पायर, जे मूलकणभौतिकी आणि गुरुत्वाचे साहित्य नोंदवते. त्यात स्वतःचे सायटेशन वगळून आकडा पाहण्याची सोय एका टिचकीवर आहे. दुसरे नासाची अॅस्ट्रोफिजिक्स डेटा सिस्टिम, ज्यात खगोलशास्त्राची जुनी जर्नलेही सापडतात. शिवाय भारतीय विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगा’वर मोफत वाचता येतात. ज्याच्याकडे पीएच.डी. करायची, त्याच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध तिथे अवश्य उघडून पाहावेत.

शोधताना नावांचा गुंता होतो. आपल्याकडे आद्याक्षरे आणि आडनाव लिहायची पद्धत आहे. पाटील, देशमुख, जाधव ही आडनावे आणि एस. आर., ए. के. अशी आद्याक्षरे जुळली, की दोन वेगळ्या माणसांचे निबंध एका खात्यात गोळा होतात. याच्या उलटही घडते. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचे आधीचे निबंध एका नावावर, नंतरचे दुसऱ्या नावावर राहतात आणि तिची कामगिरी अर्धीच दिसते. यावर उपाय म्हणून २०१२ पासून ‘ऑर्किड’ नावाचा सोळा अंकी ओळखक्रमांक मिळतो. तो मोफत आहे आणि नाव बदलले तरी बदलत नाही. पहिला निबंध पाठवण्याआधीच प्रत्येक विद्यार्थ्याने, आणि मुलींनी तर आवर्जून, तो काढून ठेवावा.

आकडा का फुगतो

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या संशोधनाला गुण देण्याची पद्धत ठरली. विज्ञान शाखेत एका निबंधाला ८ गुण, त्यावर जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे वाढीव गुण. निबंध दोघांचा असेल तर प्रत्येकाला ७० टक्के गुण. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यालाही प्रबंध देण्याआधी निबंध छापण्याची सक्ती पूर्वी होती. २०२२ च्या नियमांनी ती काढली.

गुण संख्येवर मिळू लागले की संख्या वाढते आणि ती वाढवून देणारा बाजारही उभा राहतो. पैसे घेऊन, तज्ज्ञ तपासणी न करता आठवड्याभरात निबंध छापणारी जर्नले याच बाजारातली. आयोगाने मान्यताप्राप्त जर्नलांची यादी केली, तेव्हा ती यादीही अशा जर्नलांपासून सुटली नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ जर्नले तपासली. ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असल्याचे त्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिले. त्याच वर्षी आयोगाने हजारो जर्नले यादीतून काढली. पुढे त्या जागी आयोगाची ‘केअर’ ही जर्नलांची नवी यादी आली. तीही बंद केल्याचे आयोगाने २०२५ साली जाहीर केले आणि जर्नल पारखण्याची जबाबदारी विद्यापीठांवर व संशोधकांवर आली. म्हणजे आता पारख आपल्यालाच करायची आहे.

ती फारशी अवघड नाही. जर्नलच्या संपादक मंडळातली नावे या विषयात काम करणारी आहेत का ते बघा. आठ दिवसांत स्वीकृतीचे आश्वासन देणारे जर्नल टाळा. गणित, वाणिज्य, योग आणि कृषी हे सारे एकाच अंकात छापणाऱ्यापासून दूर राहा. इम्पॅक्ट फॅक्टर सांगितला असेल तर तो कोणी दिला हे तपासा, कारण मिळत्याजुळत्या नावांचे बनावट ‘फॅक्टर’ विकत मिळतात. आणि शेवटी, त्या जर्नलमधला एक निबंध पूर्ण वाचा. समीकरणांत ढोबळ चुका राहून गेल्या असतील, तर तो रेफ्रींनी वाचलेलाच नाही.

मोठे आकडे, लहान आकडे

या विषयातली काही मोठी कामे या मापाने मोजून पाहिली, की मापाच्या मर्यादा स्पष्ट दिसतात.

११ फेब्रुवारी २०१६ रोजी गुरुत्वीय लहरींच्या शोधाचा निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आला. लेखक हजाराहून अधिक. पहिले नाव अॅबट, कारण यादी वर्णानुक्रमे आहे. या निबंधाची हजारो सायटेशन प्रत्येक लेखकाच्या खात्यात पूर्ण जमा होतात. त्या लेखकांत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञही आहेत. पण आयुकाच्या संजीव धुरंधर यांचे खरे योगदान समजून घ्यायचे, तर बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह १९९१ साली त्यांनी लिहिलेला निबंध वाचावा लागतो. गोंगाटात दडलेली लहर आधी गणिताने काढलेल्या नमुन्यांशी ताडून कशी ओळखायची, आणि त्यासाठी नमुने कसे निवडायचे, याचा पाया त्यात आहे. शोध लागण्याच्या चोवीस वर्षे आधीचा.

आयुकातलेच थानू पद्मनाभन यांचा विश्वस्थिरांकावरचा २००३ सालचा दीर्घ निबंध या क्षेत्रातल्या खूप उद्धृत झालेल्या भारतीय निबंधांपैकी आहे. तो समीक्षा-निबंध आहे. तोवर झालेले सारे काम एका जागी आणून समजावणारा. अशा निबंधांना सायटेशन जास्त मिळतात, कारण प्रस्तावना लिहिणाऱ्या प्रत्येकाला ते सोयीचे असतात. लिहायला ते अतिशय कठीण असतात, हेही तितकेच खरे.

आता उलट टोक. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख होते. त्यांच्याकडे काम करायला आलेल्या प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनी १९४३ साली ‘करंट सायन्स’ या भारतीय नियतकालिकात प्रारण बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वक्षेत्राचे उत्तर छापले. तेव्हा त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. १९६३ नंतर क्वासारांमुळे प्रचंड ऊर्जा फेकणाऱ्या वस्तूंचा प्रश्न पुढे आला, तेव्हा जगाला त्या उत्तराची गरज भासली. आज ‘वैद्य मेट्रिक’ हे नाव सापेक्षतेच्या पाठ्यपुस्तकांत आहे. आणि इथे मापाची आणखी एक गंमत कळते. एखादे काम इतके सर्वमान्य झाले की लोक नावच वापरतात, मूळ निबंध संदर्भयादीत देत नाहीत. काम सर्वांत जास्त वापरात, पण सायटेशन नाही. शिवाय १९४५ साली कोणी वैद्यांचा एच-इंडेक्स काढला असता, तर तो काय निघाला असता?

विष्णुपंतांचे चिरंजीव जयंत नारळीकर यांनी १९६४ साली फ्रेड हॉईल यांच्यासह गुरुत्वाचा नवा सिद्धांत मांडला. ते आयुष्यभर महास्फोटाच्या कल्पनेला पर्याय शोधत राहिले. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ते पर्याय स्वीकारले नाहीत, तरी त्यांच्या प्रश्नांमुळे इतरांना आपले पुरावे घट्ट करावे लागले. १९८८ साली पुण्यात आयुका उभी राहिली, ती त्यांच्या नेतृत्वाखाली. देशभरच्या महाविद्यालयांतल्या शिक्षकांना तिथे येऊन संशोधन करण्याची, ग्रंथालय वापरण्याची सोय झाली. मराठीत विज्ञानकथा लिहून त्यांनी दोन-तीन पिढ्यांना आकाशाकडे बघायला शिकवले. २० मे २०२५ रोजी ते गेले. आयुका, तिथे घडलेले शेकडो शिक्षक आणि त्या मराठी कथा यांपैकी काहीही कुठल्याही एच-इंडेक्समध्ये धरले जात नाही.

मग कसे वाचायचे

आकडे टाकून देऊ नयेत. ते सुरुवात करायला चांगले आहेत. पण गाइड निवडणाऱ्या विद्यार्थ्याने पुढचे चार प्रश्न विचारावेत, आणि त्यांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत.

पहिला प्रश्न: गेल्या पाच वर्षांत काय आले? जुन्या कामावर मोठा झालेला आकडा आजचे काम चालू आहे की नाही हे सांगत नाही.

दुसरा: उद्धृत कोणी केले? सायटेशनच्या आकड्यावर टिचकी मारली की उद्धृत करणाऱ्या निबंधांची यादी उघडते. तीच ती चार-पाच नावे एकमेकांना उद्धृत करत असतील तर ते वर्तुळ आहे. दुसऱ्या विद्यापीठांतले, दुसऱ्या देशांतले, दुसऱ्या पद्धतीने काम करणारे लोक दिसत असतील तर कामाला खरा वाचक आहे.

तिसरा: कशासाठी केले? त्या यादीतले दोन निबंध उघडा आणि गाइडचे नाव कुठल्या वाक्यात आले आहे ते वाचा.

चौथा: विद्यार्थी कुठे आहेत? त्यांचे प्रबंध शोधगंगेवर कसे आहेत, त्यांनी नंतर स्वतंत्रपणे काही लिहिले का? तरुण संशोधकाला हा प्रश्न सर्वांत जवळचा आहे, आणि याचे उत्तर कोणताही इंडेक्स देत नाही.

हे चारही प्रश्न बुलढाण्यातल्या कुठल्याही विद्यार्थ्याला फोनवरून विनामूल्य सोडवता येतात. ते सोडवायला दोन संध्याकाळी पुरतात. पीएच.डी.ला मात्र आयुष्याची चार-पाच वर्षे द्यावी लागतात.

काळ या विषयाला अनुकूल आहे. मराठवाड्यातल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्र सरकारने २०२३ साली तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. गुरुत्वाचा जागतिक प्रयोग आपल्या प्रदेशात येतो आहे आणि त्याला गणित, संगणन व उपकरणे जाणणारी मुले लागणार आहेत. ती आपल्या महाविद्यालयांतून जावीत असे वाटत असेल, तर शिक्षकांनी एम.एस्सी.च्या वर्गात एक तास या आकड्यांचा अर्थ शिकवण्यासाठी द्यावा. विद्यार्थ्यांनी एच-इंडेक्स जरूर पाहावा, आणि त्यानंतर त्या संशोधकाचा किमान एक निबंध पहिल्या ओळीपासून शेवटच्या समीकरणापर्यंत वाचावा. गाइडची निवड त्या वाचनावर करावी.